मिरचीचा खोकला

दोंडाईचा
८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विधी हिस, जय जिनेंद्र.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. जिनेश म्हणाला, बापूजी, आजकाल पत्र कोण लिहितं, मोबाइलवर दोन ओळी टाका. पण तू या घरात सून म्हणून आलीस त्याला सहा वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात आपण दोघं समोरासमोर जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. 'चहा ठेवू का' आणि 'ठेव'. सासरा खोलीत आला की सुनेनं पदर सावरून आत जायचं, ही आपल्या घरची रीत. माझ्या आईनं घालून दिलेली. मी ती मोडली नाही, कारण मला सोयीची होती. असल्या माणसानं एकदम फोनवर काय बोलायचं? माझी शाळा इथलीच, मराठी, तेव्हा लिहायला तरी अडत नाही.

तू प्रियलला घेऊन जळगावला गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. तुझी सासू प्रेमकुंवर विचारणाऱ्यांना सांगते की विहीणबाईंना बरं नाही. त्यांना उगाच आजारी पाडल्याबद्दल माझ्याकडून माफी माग.

मला त्या ताटाबद्दल लिहायचं आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण कागदावर उतरवल्याशिवाय मला माझीच चूक नीट दिसत नाही. ऑक्टोबरात तुला टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळ्या घ्या, भरपूर खा, घाबरू नका. पण तोवर तू इतकी वाळली होतीस की आपल्या जैन संघातल्या बायका विचारायला लागल्या होत्या. प्रेमकुंवरच्या तोंडून निघून गेलं, विधीचं वर्षीतप चालू आहे. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. आणि वर म्हणाली, गुप्त आहे, कुणाला सांगू नका. गुप्त म्हटल्यावर आठ दिवसांत गावभर झालं. बायका तुझ्या पाया पडायला यायला लागल्या.

आणि मग ती दुपार. तू जेवत होतीस, संघातल्या कामिनीबाई न सांगता आल्या, आणि लोकांच्या लेखी तो तुझा उपवासाचा दिवस होता. प्रेमकुंवरनं तुझ्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं. घास तुझ्या हातात होता. मी समोर पेपर वाचत होतो. मी पान उलटलं. एवढंच केलं मी. संध्याकाळी तू गेलीस आणि जाताना माझ्याकडे बघितलंही नाहीस, ते बरोबरच केलंस.

आता मुद्द्यावर येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संघाचा पारणा महोत्सव आहे, वर्षीतपवाले तिथे उपवास सोडतात. तपस्व्यांच्या नावांची पत्रिका छापायला जाते आहे आणि तुझं नाव त्यात चौथं आहे. आता काढायला गेलं तर शंभर प्रश्न. त्या एका दिवसापुरती ये, स्टेजवर उसाचा रस घे, मग हवं तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुला जळगावला सोडतो. खोट्यावर शेवटचा शिक्का मारू आणि विषय संपवू. तुझी तब्येत जप.

परवा सरकारी दवाखान्यातला अभिमन नावाचा माणूस घरी येऊन गेला. टीबीच्या कामावर आहे. तुझ्या जळगावच्या डॉक्टरांनी तुझं नाव सरकारात कळवलं म्हणे. खासगी डॉक्टरांनाही कळवावंच लागतं, आणि मग ते नाव रुग्णाच्या गावापर्यंत येतं. म्हणाला, घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे ठणठणीत. नेमका तेव्हाच मला ठसका लागला. तो बघत राहिला. मी म्हटलं, बाबा रे, मिरचीचा व्यापार आहे, दोंडाईच्यात खोकत नाही तो माणूस बाहेरगावचा. तो हसला नाही. पुन्हा येतो म्हणाला.

प्रियलला सांग, तिची तीनचाकी मी पुसून ठेवली आहे.

तुझा सासरा
केवलचंद


दोंडाईचा
२१ फेब्रुवारी

चि. विधी,

जिनेशनं तुझी चिठ्ठी आणली. दोन ओळींची. 'प्रियलची तपासणी झाली, तिला काही नाही. बापूजी, तुमची झाली का?'

पहिली ओळ वाचून जीव भांड्यात पडला. खोटं सांगत नाही, दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी चिठ्ठी डोळ्यांना लावली. जिनेश म्हणाला, लहान मुलांना काही नसलं तरी खबरदारीच्या गोळ्या देतात, त्या तिथल्या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या आहेत, आणि ती त्या गुळाच्या खड्यासारख्या मागून घेते. आपल्या घरात औषध मागून घेणारी ती पहिलीच.

दुसऱ्या ओळीचं उत्तर, नाही.

पारण्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी काय मागितलं होतं ते मी पुन्हा आठवून बघितलं. तीन दिवस ते पत्र माझ्या डोक्यात आहे. आजारी मुलीला बोलावतो कशासाठी, तर स्टेजवर खोटा रस प्यायला. ते मागणं मी परत घेतो. पत्रिका अजून छापायची आहे, मी बघतो काय करायचं ते.

तपासणीची एक जुनी गोष्ट तुला सांगायला हवी. जिनेशलाही पूर्ण ठाऊक नाही. मागच्या वर्षी जानेवारीत सरकारची टीबी शोधायची मोहीम चालली होती. हातात धरता येईल एवढं एक्स-रेचं यंत्र घेऊन ती माणसं गावोगाव, वस्त्यांत, कारखान्यांत फिरत होती. आपल्या मार्केट यार्डात आली तेव्हा मी व्यापाऱ्यांच्या वतीनं सगळी व्यवस्था केली. मांडव घातला, चहा दिला, हमालांची आणि देठ खुडणाऱ्या बायांची यादी करून दिली. यंत्राला हार घातला, नारळ फोडला. फोटो पेपरात आला होता, तू कापून फ्रिजवर लावला होतास.

फोटो झाल्यावर याच अभिमननं मला म्हटलं होतं, शेठ, तुम्हीही उभे राहा, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, अरे, हे यांच्यासाठी आहे. मला काय होतंय? तो म्हणाला, सरकारनं सगळ्यांसाठीच ठेवलंय. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोटारीत बसलो. यंत्राला हार घातला, पण यंत्रासमोर उभा राहिलो नाही.

त्या दिवशी आपला झुलाल सापडला. पोती वाहायचा तो. पंधरा वर्षं आपल्या गोडाऊनला होता. मी त्याला म्हटलं, बरा झालास की ये. तो सहा महिन्यांत बरा झाला आणि आला. तोवर मी दुसरा माणूस लावला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याला पुन्हा गोडाऊनमध्ये घ्यायचंच नव्हतं. तो परत फिरला. आता पलीकडच्या पथारीवर मिरची वाळवायच्या कामाला जातो. रस्त्यात दिसला की रामराम घालतो, आणि मला समोर बघवत नाही.

हे तुला का लिहितो आहे ते मलाही नीट कळत नाही. खोकला नेहमीसारखाच आहे.

केवलचंद


दोंडाईचा
१ मार्च

विधी,

आज फिरवून फिरवून लिहीत नाही. मला टीबी आहे.

पहिल्यापासून सांगतो. तुझी चिठ्ठी खिशात होती. 'तुमची झाली का?' हिशेबाच्या वेळी, जेवताना, आपल्या जैन स्थानकात सामायिकाच्या ध्यानाला बसलो तरी तेच. मग मंगळवारी मास्क लावला, टोपी घातली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडेही जाता आलं असतं, पण तिथे ओळखीचे लोक भेटतात. सरकारी दवाखान्यात आपलं कोण भेटणार, हा माझा हिशेब. तू हस, मला राग येणार नाही.

खिडकीशी रांग होती. पंधरा-वीस माणसं, बहुतेक मजूर, दोन म्हाताऱ्या, पिंपळनेरकडून आलेलं एक आदिवासी जोडपं. मी रांगेच्या टोकाशी पाच मिनिटं उभा राहिलो आणि मागे वळलो. गेटपाशी झुलाल. तो हल्ली दवाखान्याच्या लोकांबरोबर फिरतो, बरा झालेला माणूस म्हणून नव्या आजाऱ्यांना धीर द्यायला. मास्क, टोपी, सगळं असून त्यानं मला खोकल्यावरून ओळखलं. पंधरा वर्षं ऐकला होता ना त्यानं तो.

मी म्हटलं, सहज आलो होतो. तो म्हणाला, "शेठ, सहज कोनी येत नही आठे. चला."

आणि त्यानं माझा हात धरला. ज्या माणसाला मी गोडाऊनमध्ये घेतलं नाही त्यानं माझा हात धरून मला रांगेत नेऊन उभं केलं आणि माझा नंबर येईपर्यंत शेजारी उभा राहिला. मी पाय ओढत होतो तेव्हा एवढंच म्हणाला, "भिवू नका. माले बी हाऊच आजार व्हता. गोई बठ्ठासले एकच शे, हमालले बी आनी शेठले बी." गोळी सगळ्यांना एकच, हमालालाही आणि शेठलाही.

एक्स-रे झाला, थुंकी मशीनवर लावली. दुसऱ्या दिवशी अभिमनचा फोन आला. टीबी आहे, पण साध्या औषधांनी बरा होणारा आहे, औषधांना दाद न देणारा नाही. सहा महिने. २७ तारखेपासून गोळ्या सुरू झाल्या. त्याच गोळ्या, त्याच खिडकीतून, माझ्या पुढे ते पिंपळनेरचं जोडपं आणि मागे कॉलेजची एक मुलगी.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. अभिमननं माहिती लिहून घेतली. खोकला कधीपासून? मी म्हटलं, मिरचीचा ठसका जन्माचा, पण हा सततचा दोन वर्षं तरी. रक्त? मी हातातला रुमाल खिशात कोंबला. मग सांगितलं. दिवाळीपासून तीनदा रुमालावर लाल रेघ आली होती. मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की मिरचीच्या धुरळ्यानं घसा सोलला. रुमाल धुण्यात टाकायचो आणि विसरून जायचो. तुझ्या सासूलाही सांगितलं नाही. मग त्यानं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी तुझं नाव सांगितलं आणि तारीख सांगितली, ऑक्टोबर. त्यानं पेन खाली ठेवलं.

मीच विचारलं, आधी कोण? तो म्हणाला, "शेठ, अगदी खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. पण तुमचा खोकला दोन वर्षांचा आहे, त्यांचा चार महिन्यांचा. तुम्हीच बघा."

तुला ते तीन महिने या घरात काय काय ऐकावं लागलं ते मी ऐकलं आहे. 'माहेरून आणलं.' 'जळगावला कुणाकुणात मिसळत होती.' तुझे कप वेगळे, तुझी चादर वेगळी. मी घरभर खोकत फिरत होतो आणि माझा कप सगळ्यांबरोबर होता. तू काहीही आणलं नव्हतंस, पोरी. ते माझ्याकडून तुला गेलं. मागच्या वर्षी जानेवारीत दोन मिनिटं त्या यंत्रासमोर उभा राहिलो असतो तर तुझ्यापर्यंत पोचलंच नसतं.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. लिहिल्यावर ते फार स्वस्त वाटलं. तरी लिहितो. मला माफ कर.

आणि एक सांगतो, रागावू नकोस. रिपोर्ट कळल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, हलकं वाटलं. दोन वर्षं ज्याला मिरची मिरची म्हणत होतो त्याला नाव मिळालं.

केवलचंद


दोंडाईचा
२० मार्च

चि. विधी,

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही. इकडची खबर द्यायला हवी म्हणून लिहितो.

तुझ्या सासूची आणि जिनेशची तपासणी झाली. दोघांनाही काही नाही. खबरदारीच्या गोळ्या दोघांना सुरू झाल्या. अभिमन घरी आला तेव्हा प्रेमकुंवरनं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं. मागच्या वेळी याच माणसाला तिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी तिला सांगितलं तेव्हाची गोष्ट. सकाळी स्थानकातून आली होती. मी म्हटलं, प्रेम, विधीचा आजार माझ्याकडून गेलाय. ती म्हणाली, असं कसं, आपल्या घरात नव्हताच. मी म्हटलं, होता, दोन वर्षं होता, तू रोज त्याला मध आणि आलं घालून द्यायचीस. ती उभी होती ती खाली बसली. रडली नाही लगेच. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तुझा वेगळा ठेवलेला कप घेऊन आली. त्यातून पाणी प्यायली. मग रडली. मी तिला रडू दिलं. तुला फोन करायचा म्हणते, पण नंबर लावते आणि बंद करते. तिचा फोन आला तर उचल, नाही उचललास तरी चालेल.

माझी तब्येत सुधारते आहे. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून अभिमनला फोन केला. तो म्हणाला, औषधाचा रंग आहे, याचा अर्थ तुम्ही गोळ्या घेताय. सूर्योदयानंतरची नवकारसीची वेळ झाली की गोळ्या, मग नाश्ता. तीन आठवड्यांत दोन किलो वजन वाढलं. खोकला निम्म्यावर आला आहे. दुकानातले सगळे अस्वस्थ झाले आहेत. मी न खोकता दुकानात शिरतो, त्यांना आधी सूचना मिळत नाही, मोबाइल बघताना पकडले जातात.

झुलालला गोडाऊनमध्ये परत बोलावलं. मी स्वतः गेलो होतो पलीकडच्या पथारीवर. तो म्हणाला, विचार करून सांगतो. चार दिवस झाले, अजून विचार करतो आहे. करू दे. त्याचा हक्क आहे.

पत्रिका माझ्या पुढ्यात पडली आहे. छापून आली. मी थांबवायला गेलो तोवर आली. चौथं नाव, सौ. विधी जिनेश, वर्षीतप. आपल्या धर्मात क्षय हा किती चांगला शब्द आहे. कर्माचा क्षय व्हावा म्हणून सगळा खटाटोप. आणि त्याच नावाच्या आजाराची आपल्याला इतकी लाज की तपाचा मुखवटा चढवला. ज्यांनी खरंच वर्षभर उपवास केले त्या तिघींच्या पंगतीत मी तुझं खोटं नाव बसवलं. त्यांचाही अपमान आणि तुझाही.

काय करायचं ते ठरवलं आहे. घाबरतो आहे, पण ठरवलं आहे.

केवलचंद


दोंडाईचा
१४ एप्रिल

चि. विधी,

आखाजी तोंडावर आली. तू इथे येऊ नकोस. सासुरवाशिणीनं आखाजीला माहेरी असायचं, झोके घ्यायचे, सासूसासऱ्यांच्या नावानं गाणी म्हणायची, ही खानदेशची रीत आहे आणि ती आपल्या घरच्या रितीपेक्षा शहाणी आहे. माझ्या नावानं दोन गाणी जास्त म्हण.

पाच तारखेला, रविवारी, स्थानकात प्रवचनानंतर मी बोलायला परवानगी मागितली. अध्यक्षांना वाटलं, महोत्सवासाठी काही जाहीर करणार. मी उभा राहिलो. चाळीस वर्षं तिथे बसतो, पण उभं राहून खरं बोलायची ही पहिलीच वेळ.

जे बोललो ते जवळपास असं होतं. "पत्रिकेतलं चौथं नाव खोटं आहे. आमच्या सुनेचं तप चालू नव्हतं. तिला टीबी झाला होता, आणि तो माझ्यामुळे झाला. तिला खायची गरज होती तेव्हा आम्ही तुमच्या भीतीनं तिच्या पुढ्यातलं ताट उचललं. ज्यांनी खरं तप केलं त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. मी सरकारी दवाखान्यातून औषध घेतो आहे आणि बरा होतो आहे."

कामिनीबाई पहिल्या रांगेत होत्या. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या आणि प्रेमकुंवरजवळ जाऊन बसल्या. तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग हळूच म्हणाल्या, आमच्या मालकांना तीन महिने खोकला आहे, आम्हीही मिरचीच म्हणतोय, दवाखान्यात कधी यायचं?

विधी, तीन दिवसांत सात माणसांनी मला एकटं गाठून हेच विचारलं. एकानं रस्त्यात, एकानं बँकेत, एकानं तर स्थानकाच्या पायरीवर चप्पल घालता घालता. सगळे मोठ्या घरातले. सगळे मिरचीवाले. मी अभिमनला सांगितलं. त्यानं वर कळवून ते यंत्र पुन्हा मार्केट यार्डात आणलं. काल होतं. या वेळी हार नव्हता, नारळ नव्हता. यादीत पहिली सगळी नावं व्यापाऱ्यांची होती, मागे हमाल, मग बाया. झुलाल रांग लावत होता आणि शेठ लोकांना ओरडत होता, "पुढे सरका, श्वास धरा, मोबाइल ठेवा." सगळे ऐकत होते. दोघं सापडले. कामिनीबाईंचे मालक त्यात नाहीत, त्यांचा खरंच मिरचीचा निघाला, त्यांनी पेढे वाटले.

मी घरी आलो आणि झोपलो. दुपारी, उजेडात, दोन तास गाढ. कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो.

तुझे सहा महिने २४ ला संपतात, जिनेशनं सांगितलं. रिपोर्ट काय येतो ते कळव. मला नको, तुझ्या सासूला कळव, ती मला सांगेल. परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही आलीस तर जिनेशला मी तिकडे दुकान काढून देईन, आणि गावात कुणी विचारलं तर खरं काय ते सांगेन. मला आता सवय झाली आहे.

केवलचंद


जळगाव
२ मे २०२६

ती. बापूजी,

जय जिनेंद्र.

माझा शेवटचा रिपोर्ट आला. काहीही नाही. औषध बंद. तिकडे मम्मींना काल फोनवर सांगितलं, पण त्या इतक्या रडल्या की तुम्हाला नीट निरोप पोचला असेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते. तुमचा दोन महिन्यांचा रिपोर्ट यांनी मला मोबाइलवर पाठवला. तो मी दहा वेळा उघडून बघितला. थुंकीत आता जंतू नाहीत असं लिहिलंय ना, मला बरोबर कळलंय ना, असं मी डॉक्टरांना दाखवून विचारलं. ते हो म्हणाले. उरलेले चार महिने एकही गोळी चुकवू नका, बरं वाटलं तरी.

तुम्ही त्या ताटाबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलंत. स्थानकातही बोललात. बापूजी, मी ताटासाठी घर सोडलं नव्हतं. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण तेवढ्यावर मी गेले नसते. मम्मी घाबरल्या होत्या हे मलाही दिसत होतं.

त्या दिवशी सकाळी धुण्यात तुमचा रुमाल माझ्या हातात आला होता.

मला ऑक्टोबरातच डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला जुना खोकला आहे का. मी 'नाही' म्हटलं. सासऱ्याचं नाव कसं घेणार? घरी आल्यावर यांना सांगितलं, बापूजींना एकदा दाखवा. हे म्हणाले, मिरची आहे, लहानपणापासून ऐकतोय. पुन्हा सांगितलं, पुन्हा मिरची. मम्मी म्हणत होत्या की मी आणलं, त्यांना काय सांगू? आणि तुम्हाला सांगायचं तर तुम्ही खोलीत आलात की मी आत जायची. माझ्या तोंडात शब्द होता आणि मी तो घेऊन रोज आत जायची. रुमाल बघितल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. प्रियल रोज संध्याकाळी तुमच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकायची. मी तिला तुमच्यापासून लांब घेऊन पळाले. जाताना तुमच्याकडे बघितलं नाही कारण बघितलं असतं तर बोलले असते, आणि बोलायची हिंमत नव्हती.

इथे आल्यावर रोज वाटायचं, मुलीला वाचवलं आणि तुम्हाला तिथेच सोडून आले. चिठ्ठीत ती एक ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. तुमचं एक मार्चचं पत्र आलं तेव्हा मी आईच्या गळ्यात पडून इतकी रडले की आईला वाटलं काहीतरी वाईट घडलं. मी म्हटलं, नाही गं, सापडलं. वेळेत सापडलं. उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहू ते कळत नव्हतं. माफी तुम्ही मागत होतात आणि अपराधी मला वाटत होतं. आता ते दोन्ही पुरे.

आम्ही मंगळवारी येतोय. यापुढे तुम्ही खोलीत आलात तर मी आत जाणार नाही, आधीच सांगून ठेवते.

प्रियलबद्दल मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, आता काही भीती नाही, खुशाल बसू द्या. ती दारातून धावत येईल आणि थेट मांडीवर चढेल. तुम्ही मागे सरकू नका.

तुमची
विधी